आठ रुपयांची उधारी

काउंटरच्या वर भिंतीला एक पाटी आहे : ‘आज रोख, उद्या उधार’. दुकान टाकलं तेव्हा बेळगावच्याच वडगावातल्या एका पेंटरकडून रंगवून घेतली होती. मधल्या एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि ‘धा’चा काना गेला. तेव्हापासून ती ‘आज रोख, उद्या उधर’ अशी लटकलेली आहे. कॅम्पातली हिंदी बोलणारी मिलिटरीची पोरं झेरॉक्सला आली की ती वाचून हसतात. त्यांच्या हिशेबानं ‘उद्या पलीकडच्या दुकानात जा’ असा अर्थ होतो, आणि खरं सांगायचं तर तोही काही चुकीचा नाही. नवरात्राचे दिवस होते. पहाटे दुर्गामाता दौडीला जाऊन आलेली आणि दिवसभर कॉलेजात जांभया देणारी आमची पुतणी संध्याकाळी त्या पाटीखाली येऊन उभी राहिली. बाहेर परतीचा पाऊस. छत्री मिटता मिटता म्हणाली, “काका, व्हॉट्सॲपवर चार पानं टाकलीत बघा. काढून द्या की.”

झेरॉक्सवाल्याचा एक धर्म असतो. कागद बघायचा, वाचायचा नाही. बघायचं म्हणजे शाई नीट उठली का, कड कापली गेली का, एवढंच. माझ्या हातून रोज काय काय जातं! सोनोग्राफीचे रिपोर्ट, वकिलाच्या नोटिसा, नापास झालेल्या पोरांची मार्कशीट, लग्नाच्या पत्रिका, आणि त्याच घरातल्या घटस्फोटाचे अर्जही. नजर गेली तरी ती परत आणायची सवय वीस वर्षांत लागलेली. पण त्या दिवशी तिसरं पान मशीनमध्ये अडकलं. बाजूचं झाकण उघडून, बोटं भाजत, मी ते ओढून काढलं. पेटीच्या भात्यासारखं चुण्या पडलेलं, गरम. काउंटरवर तळहातानं सरळ केलं आणि तेवढ्या वेळात डोळ्यांनी आपलं काम केलं. क्रेडिट कार्डाचं बिल होतं. एका चौकटीत टोटल, १८,०४० रुपये. शेजारच्या चौकटीत मिनिमम, ९०२ रुपये.

“अठरा हजार गे?” माझ्या तोंडून गेलंच.

“तेवढे कुठं भरायचेत, काका? नऊशे भरले की झालं. मिनिमम.” तिनं हे ज्या सुरात सांगितलं त्या सुरात लोक सेलमधली साडी दाखवतात. मग मोबाइल काढला, क्यूआर स्कॅन केला, पैसे आले की ओरडणाऱ्या माझ्या कोपऱ्यातल्या पेटीनं कन्नडात गर्जना केली, ‘एंटु रूपायि’, आठ रुपये, आणि ती पानं ओढणीखाली धरून पावसात गेली.

मला ते अठरा हजार फारसे लागले नाहीत. पोरं आहेत, खर्च करतात. लागला तो ‘मिनिमम’ शब्द. रात्री जेवताना लागला, अंथरुणात लागला. कुठंतरी आधी ऐकलाय असं वाटत राहिलं, आणि इंग्रजी शब्द मी लहानपणी आमच्या घरात ऐकला असण्याची तर काही शक्यता नव्हती.

आमचे बाबा मागावर होते. वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात तेव्हा गल्लीत शिरलं की खटक-खटक सुरू व्हायची ती दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत थांबायची नाही. सूत सावकाराचं, माग आपला, मजुरी साडीमागं. आई दारात बसून सुताच्या कांड्या भरायची आणि शाळेतून आलो की मीही. मजुरीचा हिशेब शनिवारी. पण हातात येणारी रक्कम हिशेबापेक्षा नेहमी कमी असायची, कारण ‘उचल’. आत्याच्या लग्नाला उचल, आईच्या आजारपणात उचल, गणपतीत घर रंगवायला उचल. शनिवारी सावकार वही उघडायचे, चष्मा कपाळावरून खाली घ्यायचे आणि फार प्रेमानं विचारायचे, “मास्तर, आज किती वळते करू?” बाबांना मास्तर म्हणायचे, ते कधी कुणाचे मास्तर नव्हते. बाबा माझ्याकडं बघायचे, मग जमिनीकडं, आणि म्हणायचे, “पन्नास करा.” एखाद्या शनिवारी, “आज तीसच करा.” सावकारानं कधी हट्ट केला नाही. “तुमच्या सोयीनं हो,” म्हणायचे. तेव्हा तो माणूस मला देवासारखा वाटायचा. येताना बाबा खडे बाजारात मला भजी घेऊन द्यायचे, त्या उरलेल्या वीस रुपयांतून.

तीस रुपये, हेच बाबांचं मिनिमम.

ती उचल बाबांच्या हयातीत फिटली नाही. त्या वहीत व्याज कसं लावलं जायचं हे मला आजही माहीत नाही, कारण बाबांनी ती वही कधी मागून बघितली नाही. आणि इथं मला स्वतःची एक लाडकी समजूत मोडावी लागते. आम्हा सीमाभागातल्या माणसांची एक तयार तक्रार असते, की कागद आपल्या भाषेत येतच नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बँकेत इंग्रजी. येळ्ळूर, कडोली, उचगावकडचे म्हातारे कन्नड उतारा घेऊन माझ्या दुकानात येतात, तो काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “काय लिवलंय बघ जरा.” मी वाचून सांगतो, ते मान हलवतात, फॉर्म भरून देतो, वीस रुपये घेतो. खाली कुठं सही करायची ते बोटानं दाखवतो. तीन पिढ्या आम्ही अशाच दुसऱ्याच्या बोटाखाली सह्या केल्या, त्यामुळं न वाचता सही करायची सवय रक्तात गेली, असं मी चार लोकांत बोलतो आणि लोकांना ते पटतंही. पण सावकाराची वही मराठीत होती. बाबांना मराठी छान वाचता यायचं, संध्याकाळी गल्लीत पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. तरी वही मागितली नाही. ‘जरा बघू’ म्हणणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, आणि ज्यानं अडीनडीला पैसे दिले त्याच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे फारच झालं. भाषा नंतरची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुरगळलेलं तिसरं पान कचऱ्याच्या खोक्यातून काढलं. (तिला चांगली प्रत परत काढून दिली होती.) तिच्या मेसेजमधली बाकीची पानंही काढली. धर्म मोडला, पण पुतणी आहे. उताऱ्यावर ठेवतो तशी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. माझी अपेक्षा अशी की कुठंतरी काहीतरी लपवलेलं सापडेल आणि मला त्या बँकेला शिव्या घालता येतील. काही लपवलेलं नव्हतं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे बेचाळीस, सरळ छापलेलं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, अशी सूचनाही होती. ती बिलावर छापायची असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बारीक अक्षरात, पण होती. असली बिलं मी आजवर शेकड्यांनी छापून दिली असतील. ती ओळ माझ्याच शाईनं उठली होती आणि मी पहिल्यांदा वाचत होतो.

मग खराब कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. अठरा हजार चाळीसवर साडेतीन टक्के म्हणजे ६३१ रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, आणखी ११४. झाले ७४५. पोरगी भरणार ९०२. म्हणजे कर्जातून वजा होणार किती? दीडशे. एकशे सत्तावन्न, नेमकं सांगायचं तर. शनिवारी बाबांचे तीस वळते व्हायचे त्यातले खरे किती व्हायचे, हे मला त्या कागदावर पहिल्यांदा अंदाजानं का होईना दिसलं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून मी काही वेळ नुसता बसलो. एक बाई आधारची झेरॉक्स मागत होती, तिला पॅनची काढून दिली.

नियम शोधताना आणखी एक गंमत कळली. कार्डाच्या अटी सोप्या, समजेल अशा भाषेत असाव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, असं रिझर्व्ह बँक म्हणते. स्थानिक भाषेत! बेळगावात बसून हा शब्द वाचायला वेगळं काळीज लागतं. म्हटलं, जाऊ दे. आपण आत्ताच कबूल केलंय, की भाषा नंतरची गोष्ट.

दोन दिवसांनी तिला दुकानात बोलावलं. पिग्मीवाला आला होता. गेली बारा वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला येतो, मशीनमधून चिठ्ठी काढतो, पन्नास रुपये घेऊन जातो. ही रोजच्या बचतीची पिग्मी आपल्याच राज्याच्या, म्हणजे कर्नाटकाच्या, किनारपट्टीवरची. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली दारोदार दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तिथून ती राज्यभर पसरली. ती बँकसुद्धा २०२० मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण पिग्मीवाला काही बंद झाला नाही. तो जाईपर्यंत पुतणी मोबाइलशी चाळा करत उभी होती. गेल्यावर मी तो गणिताचा कागद तिच्यापुढं सरकवला. बघितला, परत बघितला. मग म्हणाली, “म्हणजे मी दोनदा भरले ते?”

ते गेले की.

हळूहळू सगळं बाहेर आलं, आणि त्यात उधळपट्टी अशी काही सापडेना. जुलैत आठजण आंबोलीला गेले होते. पेट्रोल, हॉटेल, धबधब्याजवळची कणसंसुद्धा हिनं कार्डावर दिली, कारण पॉइंट मिळतात. मित्रांनी आपापला वाटा हिच्या खात्यावर इमानदारीत पाठवला. पण खात्यावर आलेले पैसे हे बिलाचे आहेत, आपले नाहीत, हे कुठल्याच मोबाइलवर लिहून येत नाही. ते हळूहळू खर्च झाले. मेसचे, मैत्रिणीच्या वाढदिवसाचे, एका ऑनलाइन कोर्सचे. बिल आलं तेव्हा हातात काही नव्हतं, आणि समोर ‘मिनिमम’ची चौकट सावकारासारखी हसून विचारत होती, आज किती वळते करू? भरली. तिला वाटलं, आता पुढच्या महिन्यापर्यंत मोकळी. तिच्या कार्डाचं बिल पंधरा तारखेला निघतं, भरायची तारीख पुढच्या महिन्याची पाच. सोळा तारखेला काही घेतलं तर पन्नास दिवस बिनव्याजी, हे तिला पाठ होतं, कारण कार्ड देणाऱ्यानं तेच सांगितलं होतं. मागचं पूर्ण फेडलं असेल तरच ते पन्नास दिवस. थोडी जरी बाकी पुढं गेली की नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. हे वाक्य आम्ही दोघांनी मिळून चौथ्या पानावर शोधलं. वाचून झाल्यावर ती एकदम म्हणाली, “काका, परवाचे तुमचे आठ रुपये पण त्यावरूनच दिलेत.”

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, ते मला माहीत होतं. माझ्याच काउंटरवरचा क्यूआर त्यात येतो हे मनात आलं नव्हतं. म्हणजे ‘आज रोख, उद्या उधार’च्या खाली उभी राहून पोरगी आठ रुपये उधारीवर देऊन गेली, आणि पेटीनं ते रोख मिळाल्याची दवंडी पिटली. मला रोख मिळालेही. त्या आठ रुपयांना व्याज लागलं असणार पैशा-दोन पैशांचं. पाटीतला काना उडाला ते बरंच झालं म्हणायचं.

आणि कार्ड आलं कुठून? विद्यार्थ्याला पगार नसतो, त्यामुळं बँक सहसा फिक्स ठेवीवर कार्ड देते. उद्यमबागच्या फाउंड्रीत मोल्डिंगला असलेल्या माझ्या भावानं बोनस आणि थोडी शिल्लक मिळून पंचवीस हजार पोरीच्या नावावर ठेवले होते. कुणीतरी सांगितलं होतं, आत्तापासून सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचा आकडा, तयार झालेलं बरं, पुढं कर्जाला अडत नाही. सल्ला खोटा नव्हता. तीनशे ते नऊशेतला तो आकडा वेळेवर भरणाऱ्याचा चढतोच. पण कार्डाच्या साडेबावीस हजारांच्या मर्यादेतले अठरा कायम वापरलेले दिसले की तोच आकडा नाक मुरडतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात, ही ऐंशी टक्क्यांवर. बाकी मला चक्रावलं ते वेगळंच. ठेवीवर बँक वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास देते, म्हणजे साडेसतराशे. त्याच ठेवीच्या जिवावर घेतलेल्या पैशांना महिन्याला ७४५. आपल्याच बापाचे पैसे आपण बेचाळीस टक्क्यांनी उसने घ्यायचे, असला व्यवहार आमच्या सावकारालाही सुचला नसता. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वर घेऊ नका म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये ते रद्द केलं. व्याजाला आता तसली वेस राहिलेली नाही. या सगळ्यात मला सारखं आठवत होतं, की ठेवीच्या आणि कार्डाच्या अर्जाला लागलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्स याच मशीनवर निघाल्या होत्या. घरचं काम म्हणून पैसेही घेतले नव्हते. अर्जही माझ्याच हातातून गेला. बघितला होता, वाचला नव्हता.

“मला का नाही सांगितलंस गे?” मी म्हटलं.

“तिथं कुणी काही विचारत नाही, काका.” तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, चांगली गोष्ट म्हणून सांगितलं. मी गप्प झालो. कारण आई मला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खात्याची वही देऊन पाठवायची, आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर दुकानदार विचारायचा, “मागचं कधी देतोय म्हणाला तुझा बाप?” गूळ हातात घेऊन घरी येईपर्यंत कान तापलेले असायचे. त्या दुकानदारानं दोनदा उधारी बंद केली म्हणून आमचं कर्ज वाढलं नाही, हे आता कळतं. पण तो गूळ मला आजही गोड लागत नाही. कार्ड कुणाच्या पोराला असं चारचौघांत बोलत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. दोन्हीतलं एक निवडायला सांगितलं तर मी काय निवडीन, याचं उत्तर मी टाळतो.

पप्पांना सांगू नका म्हणाली. सांगितलं नाही, बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. माझ्या बायकोला मात्र सांगितलं. तिची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिनं अठरा हजार चाळीस मोजून पोरीच्या खात्यावर टाकायला लावले, पाच तारखेच्या आत पूर्ण बिल माझ्यासमोर भरून घेतलं आणि अटी घातल्या. महिन्याला दोन हजार, हातात आणून द्यायचे, मोबाइलवर नाही. पुतणीनं विचारलं, “आणि व्याज, काकू?” “गिरणीतून दळण आणून दे दर आठवड्याला.” कार्ड बंद करू नकोस, पण बिल पूर्ण भरता येईल तेवढंच वापर, मोबाइलवर पूर्ण रकमेचं ऑटोपे लाव, आणि त्यावरून एटीएममधून कधी पैसे काढू नकोस, तिथं पहिल्या मिनिटापासून व्याज आणि वर फी, एवढं मी सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या दोन मुलींची शिकवणी धरली.

बायको संध्याकाळी दुकानात येऊन बसते. काउंटरच्या खणात तिची एक जुनी दोनशे पानी वही असते. भिशी, दूध, पेपर, सगळं त्यात. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पुतणी दळणाचा डबा घेऊन आली. डबा खाली ठेवला, पिठाचा हात ओढणीला पुसला, शंभराच्या वीस नोटा मोजून दिल्या. बायकोनं त्या पदराखाली ठेवल्या. पोरगी जाईना. म्हणाली, “काकू, वही बघू जरा.”

“कशाला?”

“असंच. बघू की.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मशीनमध्ये कागद भरत होतो, भरतच राहिलो. पुतणीनं वही घेतली, पान उलटलं, बोट खाली खाली आणलं आणि थांबवलं. “मागच्या महिन्यातले दोन हजार लिहिलेच नाहीत बघा.”

“अगं, राहिलं असेल. मी काय खाणार आहे होय तुझे दोन हजार? माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे की, काकू. तरी लिहा.”

बायकोनं पेन काढलं, दोनदा कागदावर घासलं, चालेना, माझ्या खिशातलं घेतलं. लिहिलं. पुतणीनं वाकून वाचलं, दुसरा रिकामा डबा उचलला आणि गेली. बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.